घरगुती त्वचा व केश प्रसाधने : कोरड्या पुडीचे शास्त्र आणि ओल्या बाटलीचा प्रश्न

प्रस्तावना

नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल व उटणे लावून अभ्यंगस्नान करण्याची प्रथा महाराष्ट्रात आजही घरोघरी पाळली जाते. शिकेकाईने न्हाणे हा मात्र एके काळी आठवड्याचा नेम होता; तो शहरांतून जवळजवळ लोपला. गेल्या काही वर्षांत या जुन्या द्रव्यांकडे लोक पुन्हा वळत आहेत. फरक इतकाच की पूर्वी घरात पूड तयार होत असे आणि आता शॅम्पू, जेल, क्रीम, फेसपॅक, साबण असे बाजारी पदार्थ घरी बनविण्याकडे कल आहे. महाविद्यालयांतील गृहविज्ञान विभाग, महिला विकास कक्ष आणि बचत गटांसाठी होणाऱ्या कार्यशाळा यांतून हे शिक्षण दिले जाते. त्यामुळे हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नसून अध्यापकांच्या जबाबदारीचा झाला आहे.

या ओढीमागील कारणे निराधार नाहीत. २०२१ ते २०२३ या काळात केरळमधील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांकडे आलेल्या काही रुग्णांनी गोरेपणासाठी विकली जाणारी मलमे वापरली असल्याचे उघड झाले. त्या मलमांतील पाऱ्याचा आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा संबंध दाखविणारे त्यांचे निरीक्षण पुढे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाऱ्याची संयुगे घालून प्रसाधने बनविण्यास भारतात कायद्याने मनाई आहे, तरीही अशी मलमे बाजारात मिळतात. अशा बातम्या वाचणाऱ्या गृहिणीला स्वतःच्या स्वयंपाकघरातील डाळीचे पीठ आणि हळद अधिक विश्वासार्ह वाटली तर नवल नाही.

तथापि ‘नैसर्गिक’ विरुद्ध ‘रासायनिक’ अशी जी विभागणी या संदर्भात सर्रास केली जाते, ती फारशी उपयोगाची नाही. रिठ्याचा फेस ही रसायनक्रियाच आहे आणि लिंबाचा रस हे आम्लच आहे. घरगुती प्रसाधनाची सुरक्षितता दोन साध्या गोष्टींवर अवलंबून असते : त्या पदार्थाचा सामू किती आहे आणि त्यात पाणी आहे की नाही. जुन्या घरगुती पद्धतींनी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे न बोलता दिलेली होती. नव्या पद्धतीत द्रव्ये जुनीच राहिली, पण ती उत्तरे मात्र हातून सुटली. प्रस्तुत लेखात याच अंगाने विवेचन केले आहे.

शिकेकाई व रिठा : फेसाचे रसायन

शिकेकाई (अकेशिया कॉन्सिना) ही सह्याद्रीच्या जंगलात आढळणारी काटेरी, वर चढणारी वेल. तिच्या शेंगांच्या सालीत आणि रिठ्याच्या (सॅपिंडस प्रजातीतील वृक्षाच्या) फळाच्या गरात सॅपोनिन नावाची संयुगे असतात. सॅपोनिनाच्या रेणूचा एक भाग तेलाशी सलगी करणारा, तर त्याला जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या पाण्याशी सलगी करणाऱ्या असतात. त्यामुळे हा रेणू पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, तेलकट मळाला वेढतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. साबणाचा रेणूही हेच काम करतो. मात्र दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. साबण हा मेदाम्लाचा क्षार असल्याने त्याच्या द्रावणाचा सामू ९ ते १० इतका अल्कधर्मी असतो. शिकेकाई व रिठा यांचे काढे सौम्य आम्लधर्मी असतात.

हा भेद केसांच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारणपणे ४.५ ते ५.५ असतो, तर केसाच्या दांड्याचा त्याहून कमी, सुमारे ३.७ मानला जातो. सामूच्या मापनश्रेणीत एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक हे विज्ञानाच्या अध्यापकांना सांगावयास नको. इतरांनी एवढेच ध्यानात घ्यावे की ५ आणि ९ यांच्यातील अंतर चौपट किंवा दुप्पट नसून दहा हजार पट आहे. अल्कधर्मी द्रावणात केस फुगतो, त्याच्या बाहेरील खवले उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. साबणाने न्हाल्यावर केसांचा ‘झाडू’ होतो अशी तक्रार जुन्या बायका करीत, ती याच कारणाने. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे पाणी बहुधा जड असल्याने तेथे आणखी एक अडचण येते. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. सॅपोनिनाच्या बाबतीत असा साका होत नाही. गावच्या आडाच्या पाण्यावर शिकेकाई चालत असे आणि साबण चालत नसे, यात परंपरेचा अभिमान बाळगण्याजोगे काही असेल तर ते निरीक्षणशक्तीचे आहे, गूढतेचे नव्हे.

फेसाविषयी एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. शिकेकाईला फेस कमी येतो म्हणून तिने मळ निघत नाही, असा आजच्या पिढीचा समज असतो. फेस हे मळ निघाल्याचे माप नव्हे. ‘शॅम्पू’ हा शब्द मुळात हिंदीतील ‘चाँपना’ म्हणजे अंग दाबणे, चेपणे या क्रियापदावरून इंग्रजीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेख दीन मुहम्मद या भारतीय गृहस्थाने इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्नानगृह काढून या चंपीला तेथे लोकप्रियता मिळवून दिली. तेव्हा त्या शब्दाचा फेसाशी काही संबंध नव्हता. फेसाची अपेक्षा नंतरच्या काळातील आहे.

शिकेकाई तयार करण्याची रीत सर्वपरिचित आहे. शेंगा, रिठ्याची टरफले (बी काढून), आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचरा, थोडी मेथी हे सारे उन्हाळ्यात कडक उन्हात वाळवून कांडपावर दळून आणले जाते आणि वस्त्रगाळ करून डब्यात भरले जाते. घरोघरी प्रमाण निराळे. दळताना उडणारी पूड नाकात गेल्यास शिंकांची सर येते, कारण सॅपोनिन श्लेष्मल त्वचेला झोंबते; म्हणून नाकातोंडाला फडके बांधावे. त्याच कारणाने हा काढा डोळ्यांत जाऊ देऊ नये. रिठ्याचे प्रमाण वाढविल्यास फेस वाढतो, पण डोळ्यांची आगही वाढते आणि केस कोरडे पडतात.

उटणे

उटण्याची रचना पाहिली की तिच्यातील क्रम लक्ष वेधून घेतो. आधी तेल, मग उटणे, शेवटी ऊन पाणी. तेल त्वचेवरील स्निग्ध मळ आपल्यात मिसळून घेते. त्यानंतर मसूर किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ ते तेल शोषून घेते आणि चोळण्याच्या क्रियेने मृत पेशींसह निघून जाते. डाळींमध्येही अल्प प्रमाणात सॅपोनिने असतात, त्यांचे साहाय्य होते ते निराळेच. पिठाचे पाण्यातील मिश्रण साबणासारखे तीव्र अल्कधर्मी नसते. थंडीच्या सुरुवातीला त्वचा फुटू लागते तेव्हा, सर्व तेल धुऊन न टाकता थोडे मागे ठेवणारी ही पद्धत त्वचेला मानवते.

उटण्यातील मुलतानी माती हा थरदार संरचनेचा मृत्तिका खनिजांचा समूह आहे. थरांमधील मोठ्या पृष्ठभागामुळे ती तेल व पाणी दोन्ही शोषते. तेलकट त्वचेवर तिचा उपयोग होतो. कोरड्या त्वचेवर पूर्ण वाळेपर्यंत ठेवल्यास मात्र त्वचेतील ओलावाही ओढला जातो. ती अखेर जमिनीतील माती आहे, याचा विसर पडू नये. मातीत जीवाणूंची बीजाणुरूपे असतात. म्हणून फुटलेल्या मुरमांवर वा जखमेवर तिचा लेप लावणे योग्य नाही. वाळा, नागरमोथा, गुलाबाच्या पाकळ्या यांचे काम मुख्यतः सुगंधाचे. चंदनाविषयी एवढेच म्हणता येईल की चंदनाचा आजचा भाव पाहता बाजारातील स्वस्त पुडीत ते कितपत असेल, याचा हिशेब ग्राहकाने स्वतःच करावा.

हळदीविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. हळदीला आकर्षक पिवळा रंग यावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट म्हणजे शिशाचे संयुग मिसळले जात असल्याचे बांगलादेशात सिद्ध झाले आणि भारताच्या काही भागांतील नमुन्यांतही तशी भेसळ आढळली. घरी उटणे करताना सुटी पूड न घेता आंबेहळदीचे किंवा साध्या हळदीचे हळकुंड आणून दळणे, हा यावरचा सोपा उपाय आहे. मात्र हळकुंडालाही वरून रंग चोळला जातो. अनैसर्गिक चकाकी असलेले हळकुंड टाळावे.

या द्रव्यांपैकी ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, ते म्हणजे बावची. शिकेकाई आणि उटणे या दोहोंच्या अनेक घरगुती यादींत बावचीचे नाव असते. पन्सारी ते बी इतर जिनसांबरोबर निमूटपणे बांधून देतो. बावचीत सोरालेन नावाचे संयुग आहे. ते त्वचेत गेल्यानंतर सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले की त्या ठिकाणी त्वचेवर दाह होतो, प्रसंगी फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. याच गुणधर्मामुळे बावचीचा उपयोग पांढऱ्या कोडावरील उपचारांत वैद्यांनी केला आणि आधुनिक वैद्यकानेही सोरालेन व अतिनील किरण यांची सांगड घालणारी उपचारपद्धती स्वीकारली. म्हणजे जे द्रव्य वैद्याच्या हाती औषध आहे, ते पुडीत अंदाजाने पडते तेव्हा त्याचे प्रमाण कोणीच ठरविलेले नसते. जुन्या प्रथेत उटणे पहाटे अंधारात लावून लगेच ऊन पाण्याने धुतले जाई. त्यामुळे धोका घडण्यास वाव थोडा होता. तेच उटणे ‘फेसपॅक’ म्हणून दुपारी अर्धा तास चेहऱ्यावर ठेवून उन्हात बाहेर पडणाऱ्या विद्यार्थिनीची गोष्ट निराळी आहे.

लिंबाचेही तसेच. कागदी लिंबाच्या सालीत व काही प्रमाणात रसात याच कुळातील संयुगे असतात. शिवाय लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ इतका तीव्र आम्लधर्मी असतो. रस चेहऱ्याला लावून उन्हात गेल्यास रस ओघळला त्या रेषेत भाजल्यासारखे डाग उठतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना परिचित असलेले चित्र आहे. गोरेपणाच्या ज्या हव्यासापायी पाऱ्याची मलमे खपतात, त्याच हव्यासाने घरचे लिंबूही घासले जाते. आणि गोरे होण्यासाठी केलेल्या उपायाने चेहरा अधिक काळवंडतो. खाण्याच्या सोड्याची स्थिती याच्या उलट टोकाची आहे. त्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो. सोड्याने केस धुऊन नंतर लिंबू लावण्याचा सल्ला कार्यशाळांतून दिला जातो, तो म्हणजे केसांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकण्याचा प्रकार होय.

पाण्याचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. वर उल्लेखिलेली सर्व जुनी प्रसाधने कोरड्या स्वरूपात साठविली जात आणि लावण्याच्या वेळी, लागेल तेवढीच, पाण्यात, दुधात वा तेलात कालविली जात. उरलेले टाकून दिले जाई. पापड-कुरडया जशा वाळवणात पडत, तशीच शिकेकाई पडत असे, आणि दोन्हींमागील तत्त्व एकच आहे.

सूक्ष्मजीवांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. पदार्थातील किती पाणी त्यांना उपलब्ध आहे हे जलक्रियाशीलता या मापाने मोजले जाते. शुद्ध पाण्यासाठी हे माप १ धरले आहे. बहुतेक जीवाणूंना ०.९० हून अधिक जलक्रियाशीलता हवी असते. त्वचेवर पू निर्माण करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस सुमारे ०.८६ पर्यंत तग धरतो. बऱ्याच बुरशा ०.८० च्या आसपास वाढू शकतात. ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. कडकडीत वाळवलेली, हवाबंद डब्यातील पूड या मर्यादेच्या खाली राहते, म्हणून ती वर्षभर टिकते. ती निर्जंतुक असते असे नव्हे. तिच्यातील जीवाणू केवळ सुप्त असतात. पावसाळ्यात डबा उघडा राहिला किंवा ओला चमचा आत गेला की पुडीला गुठळ्या होतात, वास बदलतो. अशी पूड पुन्हा उन्हात घालून वापरण्याऐवजी टाकून देणेच बरे.

याउलट शिकेकाई व रिठा उकळून, गाळून, बाटलीत भरून ‘हर्बल शॅम्पू’ म्हणून न्हाणीघरात ठेवला, की त्या बाटलीत सूक्ष्मजीवांना हवे ते सर्व मिळते : पाणी, शर्करा, वनस्पतिजन्य प्रथिने आणि ऊब. उकळल्याने सक्रिय जीवाणू मरतात, परंतु बीजाणू टिकून राहतात. आणि थंड झाल्यावर गाळणी, बाटली व बोटे यांमार्फत नवे जीवाणू येतातच. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात असा काढा एकदोन दिवसांत आंबतो. आंबल्याचा वास आला तर ते भाग्यच म्हणावयाचे, कारण तो टाकला जातो. वास न येताही जीवाणूंची संख्या घातक पातळीवर गेलेली असू शकते. ओलसर जागी वाढणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहे. निरोगी त्वचेला तो सहसा काही करीत नाही. पण डोळ्यात, कानात, भाजलेल्या वा खरचटलेल्या जागी तो गंभीर संसर्ग करतो. मधुमेही व्यक्ती, लहान मुले आणि वृद्ध यांना धोका अधिक.

कोरफडीचा गर हे दुसरे उदाहरण. ताज्या गरात सुमारे ९९ टक्के पाणीच असते. पान कापून, त्यातील पिवळा कडू चीक निथळू देऊन, गर काढून त्याच वेळी लावणे यात काही गैर नाही. तो मिक्सरमधून काढून बरणीत भरून महिनाभर वापरणे मात्र अयोग्य. शीतकपाटात ठेवल्याने वाढ मंदावते, थांबत नाही. दोनतीन दिवसांपलीकडे तो ठेवू नये.

यावर दोन उपाय नेहमी सुचविले जातात : ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून घालणे आणि कडुनिंब, तुळस वा चहाच्या झाडाचे तेल मिसळणे. पहिल्याचा येथे काहीही उपयोग नाही. ई जीवनसत्त्व हे तेल खवट होण्यास, म्हणजे त्याच्या ऑक्सिडीकरणास, विरोध करते. जीवाणूंना विरोध करीत नाही. ‘टिकविणे’ या एकाच शब्दाखाली या दोन वेगळ्या क्रिया एकत्र झाल्याने हा गोंधळ उद्भवला आहे. दुसऱ्यात तथ्यांश आहे. काही सुगंधी तेले जीवाणूंना रोखतात. पण पाण्यात विरघळत नसल्याने ती वर तरंगतात, आणि परिणामकारक होण्याइतके प्रमाण वाढवावे तर त्यांचीच अधिहर्षता उद्भवते. पाणी असलेला पदार्थ आठवडे, महिने टिकवावयाचा असेल तर मान्यताप्राप्त परिरक्षक, योग्य प्रमाणात, योग्य सामूवर घालावाच लागतो. उदाहरणार्थ, सोडियम बेंझोएट हे आम्लधर्मी माध्यमात, साधारणतः ५ हून कमी सामूवर, काम करते; त्याहून अधिक सामूवर ते असून नसल्यासारखे होते. म्हणजे येथे वजनकाटा व सामूमापक हवा. जो ‘रसायनमुक्त’ क्रीम बनवू इच्छितो त्याच्यापुढे खरा पर्याय असा असतो की परिरक्षक स्वीकारावा, नाही तर पाणी सोडावे. आजीने पाणी सोडले होते.

तेले व मेंदी

तेलात मोकळे पाणी नसते म्हणून तेल हे घरगुती प्रसाधनांतील सर्वांत निर्धोक माध्यम ठरते. जास्वंद, माका, आवळा, ब्राह्मी घालून तेल काढताना ताजा पाला थेट बाटलीत बुडवून ठेवू नये. पाल्यातील पाणी तळाशी साचते व तेथे बुरशी धरते. मंद आचेवर कढवताना फेस निवून तडतड थांबली आणि पाला कुरकुरीत झाला, म्हणजे पाणी गेले असे समजण्याची जी जुनी खूण आहे ती अचूक आहे.

खोबरेल तेलाच्या उपयुक्ततेला प्रयोगाचा आधारही आहे. आरती रेळे व आर. बी. मोहिले या मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेल यांची तुलना केली. धुण्यापूर्वी वा नंतर लावले असता केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय रीतीने कमी करणारे तेल तिघांत खोबरेल हेच ठरले. त्यातील लॉरिक आम्लाच्या सरळ व आखूड साखळीमुळे ते केसाच्या आत शिरू शकते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. हे संशोधक खोबरेलाच्या उद्योगाशी संबंधित होते, ही बाब वाचकाने ध्यानात ठेवावी. तथापि निष्कर्ष रसायनशास्त्राशी सुसंगत आहे. या अभ्यासाने केस वाढतात असे दाखविलेले नाही, तुटणे कमी होते एवढेच सूचित होते. कोंडा असलेल्यांनी तेल रात्रंदिवस डोक्यात ठेवणे हितावह नाही, कारण कोंड्याशी निगडित मॅलेसेझिया ही बुरशी तेलातील मेदाम्लांवरच पोसली जाते.

मेंदीच्या पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य केसातील केराटिन या प्रथिनाशी बांधले जाते. तिचा रंग तांबूस-नारिंगीच असतो. ती लोखंडी कढईत आवळा व चहाच्या पाण्यात भिजवल्यास अधिक काळसर दिसते, याचे कारण आवळ्यातील व चहातील टॅनिने आणि लोह यांच्या संयोगातून काळे संयुग तयार होते. दौतीतील जुनी शाई याच क्रियेने बनत असे. जी ‘काळी मेंदी’ अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करते तिच्यात बहुधा पॅराफिनिलीनडायअमिन हा कृत्रिम रंगघटक असतो. त्याने तीव्र अधिहर्षता होऊ शकते आणि ती एकदा झाली की जन्मभर राहते. घरगुती म्हणून अशी पूड आणून त्यात आवळा मिसळल्याने ती नैसर्गिक होत नाही.

साबण

साबण हा घरगुती प्रसाधनांतील असा एकमेव पदार्थ आहे की जेथे तीव्र रसायन टाळताच येत नाही. दाहक सोड्याशिवाय साबण होत नाही. तेल व सोडा यांचे प्रमाण प्रत्येक तेलागणिक बदलते. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाच्या पूर्ण साबणीकरणास सुमारे ९० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागते, तर तेवढ्याच शेंगदाणा तेलास सुमारे ६८ ग्रॅम. खोबरेलाची कृती वाचून कोणी शेंगदाणा तेल वापरले, तर वीस ग्रॅमहून अधिक दाहक सोडा वडीत मोकळा राहील आणि ती वडी त्वचा भाजून काढील. म्हणूनच वाटी-चमच्याची मापे येथे चालत नाहीत. हिशेबापेक्षा सुमारे पाच टक्के सोडा कमी घेऊन थोडे तेल मुद्दाम शिल्लक ठेवण्याची पद्धत आहे.

सोडा पाण्यात हळूहळू घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. द्रावण भराभर तापते व उसळते. ॲल्युमिनियमचे पातेले वापरल्यास सोडा धातूशी संयोग पावून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. पोलाद किंवा जाड प्लास्टिक घ्यावे. चष्मा व हातमोजे आवश्यक. वड्या चार ते सहा आठवडे मुरू द्याव्यात. मोकळा सोडा राहिला आहे काय, हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज तपासता येते : साबण तटस्थ अल्कोहोलात विरघळवून त्यात फिनॉल्फ्थलीन घातले असता गुलाबी रंग आला तर सोडा शिल्लक आहे. पाण्यात ही चाचणी घेऊ नये, कारण निर्दोष साबणाचे पाण्यातील द्रावणही अल्कधर्मीच असते. अलीकडे तयार साबणाचा ठोकळा आणून, वितळवून, रंग व कोरफड घालून साच्यात ओतण्याचे शिक्षण दिले जाते. ते सुरक्षित आहे. फक्त त्याला ‘साबण बनविणे’ म्हणणे हे विकतची पोळी गरम करण्याला स्वयंपाक म्हणण्यासारखे आहे.

विक्री आणि शिक्षकाची भूमिका

स्वतःच्या घरी, स्वतःपुरते प्रसाधन बनविण्यास परवान्याची गरज नाही. विक्री सुरू होताच चित्र बदलते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी प्रसाधने उत्पादित करण्यास राज्याच्या परवाना प्राधिकरणाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, घटक, गट क्रमांक व वापराची अंतिम मुदत देणे बंधनकारक आहे. दिवाळीच्या सुमारास महाविद्यालयाच्या आवारात ‘कमवा व शिका’ योजनेतील विद्यार्थी किंवा बचत गटांच्या महिला उटण्याच्या पुड्या विकतात, तेव्हा हा कायदा कोणाच्या मनातही नसतो. हेतू चांगला असतो. परंतु एखाद्या ग्राहकाच्या चेहऱ्यावर फोड आले तर पुडीत काय होते, किती होते, कधी दळले होते, हे सांगणारा एकही कागद उपलब्ध नसतो, आणि दोष येतो तो पुड्या बांधणाऱ्या विद्यार्थिनीवर. परवाना मिळविणे लहान गटाला अवघड आहे, हे मान्य करावयास हवे. त्यामुळे निदान शिकविण्याच्या पातळीवर तरी काही पथ्ये पाळता येतील.

कार्यशाळेत ओले पदार्थ बनविले तर ते त्याच दिवशी वापरून संपवावेत, बाटलीत भरून घरी देऊ नयेत. विद्यार्थ्यांनी प्रत्येक मिश्रणाचा सामू सामूपट्टीने मोजून वहीत नोंदवावा. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगा याहून स्वस्त प्रकल्प क्वचितच सापडेल. काढ्याच्या बाटलीतील नमुना पहिल्या, तिसऱ्या व सातव्या दिवशी पोषक आगरवर पसरून वाढलेल्या वसाहती मोजल्या, तर परिरक्षकावरील व्याख्यानाची गरज उरत नाही. नवे प्रसाधन प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून पाहावे आणि किमान ४८ तास वाट पाहावी, कारण संपर्कजन्य अधिहर्षता लगेच न दिसता एकदोन दिवसांनी प्रकट होते. ‘पाच मिनिटांत काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे.

उटण्याची पुडी कोणाला भेट म्हणून द्यावयाची झाली तरी तिच्यावर एक चिठ्ठी असावी. तीत सर्व जिनसांची नावे व दळल्याचा महिना लिहावा, आणि डबा कोरडा ठेवण्याची सूचना द्यावी. बावची घातली असेल तर तेही लिहावे आणि पुढे ‘लावून उन्हात जाऊ नये’ एवढी ओळ जोडावी. ती घातली नसेल तर उटण्याच्या गुणांत काही उणे पडत नाही.